जुन्या ब्रँडेड पीसीत आय३ काढून आय७ बसवावा का? (ऑप्टिप्लेक्स ३०२०)

पत्रिकावाला

नमस्कार मंडळी. कराडात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, आणि हल्ली साखरपुडा-बारशाचे छोटे व्हिडिओही कापून-जोडून देतो. मुख्य पीसी म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०२०, उभा टॉवर. आत आय३-४१५० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०.

कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडले की माउसचा बाण गोठतो. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसलेलं, "आमच्या भाऊंचा फोटो जरा मोठा घ्या" म्हणतंय, आणि इकडे पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. इथला दुकानदार म्हणतो आय७-४७९० टाका, ५५०० घेईन, पीसी पळेल. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होईल, त्याआधी उरकायचं आहे. टाकू का? जाणकारांनी सांगावे.

घाटावरचा_टेकी

दादा, पैसे खिशातच ठेवा आधी. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा आणि ज्या क्षणी पीसी गोठतो त्याच क्षणी तीन आकडे बघून इथे लिहा: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क.

सरळमार्गी

२०१४ चा प्रोसेसर काढून २०१४ चाच दुसरा बसवायला साडेपाच हजार? भंगारात द्या आणि नवा घ्या. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. चौथ्या पिढीचा (नंबर ४ ने सुरू होणारा, म्हणजे तुमचा ४७९० सुद्धा) कुठलाही आय७ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही.

नवखा६६

मग एकदम बाराव्या पिढीचा आय५ का नाही बसवत? माझ्या भावाने घेतलाय, भन्नाट आहे.

घाटावरचा_टेकी

@नवखा६६, बसणारच नाही हो. चौथ्या पिढीचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) एलजीए ११५०, बाराव्याचं एलजीए १७००. रॅमही जुन्या डीडीआर३ प्रकारची. मदरबोर्ड बदलल्याशिवाय हे होत नाही, आणि ब्रँडेड डब्यात मदरबोर्ड बदलायचा म्हणजे पॉवर सप्लायपासून सगळंच आलं.

रेवती_लॅब

नाशिकच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. हेच मॉडेल आमच्याकडे रांगेने लावलेलं आहे आणि त्यातल्या बऱ्याच पीसींचे प्रोसेसर मी स्वतः बदलले आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

या पीसीचा चिपसेट (मदरबोर्डावरची मुख्य चिप, कुठला प्रोसेसर चालेल ते तीच ठरवते) एच८१. त्यावर चौथ्या पिढीचे म्हणजे हॅसवेल प्रोसेसर चालतात. ११५० सॉकेटात बसणारे पाचव्या पिढीचे काही प्रोसेसर आले होते, पण त्यांना ९-मालिकेचा चिपसेट लागतो, तेव्हा ते विसरा. ३०२० हे त्या वेळी स्वस्तातलं मॉडेल, कंपनी ते आय५पर्यंतच विकत असे. पण आय५-४५९० आणि आय७-४७९० दोन्ही ८४ वॉटचे, त्यामुळे आय७ बसतो आणि चालतो. आमच्याकडे आय७-४७७० चालू आहेत. बायोस (मदरबोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) मात्र जुना असेल तर आधी अद्ययावत करावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर आत असतानाच. नवा बसवून पडदा काळाच राहिला की मग बायोस कशावर अपडेट करणार?

आता खरा मुद्दा. तुमचा आय३ दोन कोअर (काम करणारे भाग), चार थ्रेडचा (एका वेळी चालणारी कामं), ३.५ गिगाहर्ट्झ. त्याला टर्बो (गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग) नाही. आय७-४७९० चार कोअर, आठ थ्रेड, टर्बोत ४ गिगाहर्ट्झ. म्हणजे एका कोअरचा वेग वाढला जेमतेम १४ टक्के. कोरलची बहुतेक कामं एकाच कोअरवर चालतात: रेषा ओढणं, पान पुन्हा रंगवणं, मजकुराची मांडणी. तिथे ५५०० रुपयांचा फरक तुम्हाला शोधावा लागेल. व्हिडिओ एक्स्पोर्टला सगळे कोअर कामाला लागतात, तिथे वेळ निम्म्यावर येऊ शकतो. तेव्हा दिवसातला किती वेळ व्हिडिओत जातो ते आधी सांगा.

जुगाडू_बारामती

आय७ कशाला, झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) घ्या. ई३-१२३१ व्ही३ म्हणजे जवळजवळ तोच आय७, आणि बाजारात स्वस्त मिळतो.

रेवती_लॅब

@जुगाडू_बारामती, त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. त्यांच्याकडे वेगळं कार्ड नाही, पीसी चालू होईल आणि पडद्यावर काहीच दिसणार नाही. ग्राफिक्सवाला झिऑन हवा तर १२४५ व्ही३, पण तो स्वस्त राहत नाही, आणि या मॉडेलच्या यादीत झिऑन मुळातच नाही. गिऱ्हाईक बसलेल्या दुकानात प्रयोग नकोत.

पत्रिकावाला

आकडे घेतले. दहा बाय वीस फुटाचा फ्लेक्स उघडला आणि मागे कोरलमध्ये एक पत्रिका होती. सीपीयू २५ ते ३० टक्के, मेमरी ९६, डिस्क १००. डिस्क तर शंभरावरून हलतच नाही. व्हिडिओचं काम आठवड्यातून एखादं, सराईत जास्त.

घाटावरचा_टेकी

झालं की निदान. तुमचा प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय.

शून्यबिंदू

दहा बाय वीसच्या फाइलचा हिशोबच करून बघा ना. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) धरलं तरी ८६४० गुणिले १७२८० पिक्सेल होतात, म्हणजे १५ कोटींच्या घरात. सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. एक भरलेला लेयर म्हणजे सुमारे ६०० एमबी. भाऊंचा फोटो, दादांचा फोटो, मागे सूर्यकिरण, खाली शुभेच्छुकांची रांग, असे सात-आठ लेयर झाले की तुमची ४ जीबी कधीच संपली. विंडोजने आपला वाटा आधीच काढून घेतलेला असतो. मग फोटोशॉप उरलेलं सगळं स्क्रॅच फाइल म्हणून हार्ड डिस्कवर लिहितं आणि तिथूनच परत वाचतं. बाण गोठतो तो तिथे. या जागी कुठलाही आय७ बसवा, तोही डिस्कची वाट बघत बसेल.

(अवांतर: शुभेच्छुकांचे फोटो एका लेयरमध्ये मर्ज करून ठेवत जा. पण मग कुणीतरी राजकीय गट बदलतो आणि रात्री अकराला त्याचा फोटो काढून टाकायला सांगतात हे मान्य.)

पत्रिकावाला

@शून्यबिंदू हाहा, तुम्ही या धंद्यात आहात का? गेल्या निवडणुकीत असाच रात्री फोटो काढून टाकलाय. तो लेयर मर्ज केला असता तर मी मेलो असतो.

रेवती_लॅब

मग क्रम ठरला. आधी रॅम आणि एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवाली वेगवान डिस्क). ३०२० मध्ये रॅमचे दोनच स्लॉट आणि कमाल १६ जीबी. ८-८ च्या दोन पट्ट्या घाला, डीडीआर३ १६००. दोन्ही स्लॉट भरले की ड्युअल चॅनल होतं (दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्या जातात), आणि अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने तिथेही फायदा. लॅपटॉपच्या छोट्या पट्ट्या नकोत, डेस्कटॉपच्याच घ्या. एसएसडी २.५ इंची साटाची. एच८१ चिपसेटला ६ गिगाबिटचे साटा पोर्ट दोनच, त्यातल्या एकात लावा. एम.२ वाली एनव्हीएमई (थेट बोर्डात खोचायची पट्टीसारखी एसएसडी) या बोर्डाला नाही. फोटोशॉपच्या प्राधान्यांत जाऊन स्क्रॅच डिस्क एसएसडीवर वळवायला विसरू नका, नाहीतर विंडोज पळेल आणि फोटोशॉप तिथेच राहील. जुनी हार्ड डिस्क जुन्या फाइलींसाठी आत राहू दे.

सरळमार्गी

हे सगळं मिळून किती झालं? त्यात थोडे घातले की आठव्या पिढीचा आय५-८५०० वाला रिफर्बिश्ड पीसी येतो. सहा कोअर, विंडोज ११ अधिकृत. मी अजूनही म्हणतो की या डब्यात पैसे घालणं म्हणजे पडक्या वाड्याला इटालियन फरशी.

एडिसनकर

सरळमार्गींशी अर्धा सहमत. इकडे न्यू जर्सीत कंपन्यांच्या लीज संपल्या की आठव्या-नवव्या पिढीचे टॉवर ढिगाने बाहेर पडतात, मुंबईत आणि पुण्यातही आता दिसतात. व्हिडिओ करणाऱ्याने तर एक गोष्ट नक्की बघावी. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत (फाइल लहान ठेवणाऱ्या नव्या व्हिडिओ प्रकारात) रेकॉर्ड करू शकतो, बरेच अँड्रॉइड फोनही करतात. चौथ्या पिढीच्या एचडी ४६०० ग्राफिक्सला एचईव्हीसी हार्डवेअरने पूर्ण उलगडता येत नाही. सगळा भार कोअरवर पडतो आणि टाइमलाइनवर क्लिप अडखळते. आय५-८५०० मधलं यूएचडी ६३० ते काम १०-बिटसकट सहज करतं. आय७-४७९० घेतलात तरी ही अडचण थोडी सुसह्य होईल, जाणार नाही.

मात्र रॅम डीडीआर३ घेतली की ती पुढच्या पीसीत जाणार नाही, हेही लक्षात ठेवा. एसएसडी जाईल.

घाटावरचा_टेकी

चांगला मुद्दा. पत्रिकावाले, फोनच्या क्लिप आधी एच.२६४ मध्ये (जुन्या, हलक्या व्हिडिओ प्रकारात) बदलून घ्या, मग एडिट करा. फुकटचा उपाय आहे.

पत्रिकावाला

सरळमार्गी साहेब, पटतंय, पण सराईच्या तोंडावर नवा पीसी म्हणजे सगळं सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं, फॉन्ट पुन्हा बसवणं. तेवढी फुरसत नाही. पुढच्या वर्षी बघू. आत्ता रॅम आणि एसएसडी घेतो.

एक भीती आहे. श्रीलिपीचं (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) यूएसबी लॉक आहे. पुढे प्रोसेसर बदलला तर त्याला काही होईल का? आणि विंडोज परत ॲक्टिव्हेशन मागेल?

रेवती_लॅब

यूएसबी लॉकचा प्रोसेसरशी संबंध नाही, त्याला लॉक पोर्टात दिसलं की पुरे. विंडोजचं ॲक्टिव्हेशन मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, प्रोसेसर बदलल्यावर आमच्याकडे ते जात नाही. मात्र जी सॉफ्टवेअरं यंत्राची ओळख नोंदवून चालतात त्यांना आधी डीॲक्टिव्हेट करा आणि सीरियल नंबर कागदावर लिहून ठेवा. संगणकातल्या नोटपॅडमध्ये नको, कागदावर.

म्हापश्याची_माया

वाचनखूण साठवली. आमच्या लायब्ररीत याच कुटुंबातला पीसी पडून आहे. जाता जाता, वेळ रोज २०१२ ची दाखवतो, हा प्रोसेसरचा दोष का?

घाटावरचा_टेकी

@म्हापश्याची_माया, नाही. मदरबोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपलाय, सीआर२०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

पत्रिकावाला

झालं मंडळी. १६ जीबी आणि एसएसडी बसवली, जुनी विंडोज तशीच क्लोन (हुबेहूब नक्कल) करून घेतली. तोच दहा बाय वीस उघडला: मेमरी ६०च्या आसपास, डिस्क बहुतेक वेळ शून्याजवळ. गिऱ्हाईक समोर असताना फोटो मोठा केला, छोटा केला, परत मोठा केला. बाण एकदाही अडला नाही. सगळ्यांना दंडवत.

पण व्हिडिओ एक्स्पोर्ट तसाच. तासाभराच्या साखरपुड्याला सव्वा तास, आणि तेवढ्या वेळात सीपीयू १०० वर. दुकानदाराकडे आय७-४७७० आहे, तो ३८०० ला देतो म्हणतो. आता घेऊ?

सरळमार्गी

आता सीपीयू खरंच १०० वर आहे, तेव्हा माझी हरकत गेली. पण ३८०० च्या वर एक रुपया देऊ नका.

लॅमिंग्टनफेरी

जुना प्रोसेसर घेताय म्हणून चार शब्द. मी ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर नेहमी भटकत असतो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, विचारताना लॅमिंग्टनच म्हणा.) वरच्या धातूच्या झाकणावरची अक्षरं घासून पुन्हा कोरलेले प्रोसेसर फिरतात. झाकणावर आय७ आणि आत आय५. दुकानातच लावून बघा, सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि थ्रेड मोजा. आठ दिसले पाहिजेत. मागची बाजूही बघा: या प्रोसेसरला पिना नसतात, सपाट सोनेरी ठिपके असतात. ठिपका जळका, काळा किंवा ओरखडलेला असेल तर परत द्या. ४७९०के गळ्यात मारायला बघतील, घेऊ नका. के म्हणजे ओव्हरक्लॉकिंगसाठी, तुमचा बोर्ड ते करूच देणार नाही.

आणि हे रायझनवाल्यांसाठी (एएमडी कंपनीचे प्रोसेसर): काही ब्रँडेड पीसींत बसलेला रायझन प्रो त्या कंपनीच्या बोर्डाला कायमचा बांधला जातो. तिथून काढलेला दुसऱ्या बोर्डात चालूच होत नाही. स्वस्त दिसला म्हणून उचलू नका.

रेवती_लॅब

बसवताना मी करते तसं सांगते. मधली एक पायरी बहुतेक जण घाईत गाळतात.

बायोस आधी. डेलच्या साइटवरून तुमच्या सर्व्हिस टॅगप्रमाणे (पीसीवर छापलेला डेलचा नंबर) फाइल घ्या, पेनड्राइव्हवर टाका, सुरू होताना एफ१२ दाबून त्या यादीतून फ्लॅश करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधी स्थगित करा. आणि पीसी यूपीएसवर हवा. कोयना तुमच्या उशाशी आहे हो, पण ऐन फ्लॅशिंगच्या वेळी वीज जाणार नाही याची हमी कोयनाही देत नाही.

मग पाच-दहा मिनिटं पीसी चालवा, प्रोसेसरवरची जुनी पेस्ट मऊ होते आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा) झटका न देता सुटतो. बंद करा, केबल काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या. हीटसिंकचे स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, आलटून पालटून सैल करा. आता ती पायरी. सॉकेटची लोखंडी पट्टी उघडली की खाली शेकडो बारीक पिना दिसतात, ओळीओळीने सारख्या झुकलेल्या. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडून बघा. एखादी पिन वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे, पुढे जाऊ नका. सगळं एकसारखं चमकत असेल तर प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून अलगद ठेवा. ठेवा, दाबू नका. तो आपणहून बसतो. सॉकेटवर फडका, ब्रश, फुंकर काहीही नको. एक धागा अडकला तरी पिना वाकतात आणि मग मदरबोर्डच जातो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नेलपॉलिश रिमूव्हरने नाही. नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी, मधोमध. हीटसिंक बसवून पंख्याची वायर लावली का ते दोनदा बघा.

पत्रिकावाला

ताई, हे छापून भिंतीवर लावलं.

पत्रिकावाला

रविवारी दुकान बंद ठेवून केलं. पहिल्या फटक्यात चालू झालं, सीपीयू-झेडमध्ये आठ थ्रेड. तोच साखरपुडा पुन्हा एक्स्पोर्ट केला, चाळीस मिनिटं. कोरलमध्ये मात्र रेवतीताई म्हणाल्या तेच, काही फरक कळत नाही.

एकच शंका. एक्स्पोर्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) ९६ अंश दाखवतं आणि पंखा केकाटतो. बाकी वेळ ४०-४५.

रेवती_लॅब

९६ जास्त आहे. १०० ला हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायला लागतो. तुमचा आय३ ५४ वॉटचा होता, हा ८४ चा. आय३ वाल्या पीसीत कधी कधी हलका, नुसत्या ॲल्युमिनियमचा हीटसिंक येतो. मधला गाभा तांब्याचा आहे का बघा. नसेल तर याच मालिकेतल्या आय५ किंवा आय७ पीसीचा हीटसिंक भंगारवाल्याकडून मिळवा. बाहेरचा कुठलाही कूलर आणू नका, बसेलच असं नाही, आणि काही मॉडेलांत पंख्याचा कनेक्टर पाच पिनचा असतो. साधा पंखा लावला की दर वेळी सुरू होताना पंखा बिघडल्याचा इशारा येतो आणि एफ१ दाबत बसावं लागतं.

घाटावरचा_टेकी

आणि पुढची जाळी ब्रशने साफ करा. दुकान रस्त्यावर असेल तर नक्कीच भरली असेल.

पत्रिकावाला

सगळं ॲल्युमिनियमच निघालं. जाळी तर विचारूच नका. मलकापूरच्या भंगारवाल्याकडे तांब्याच्या गाभ्याचा मिळाला, दीडशे रुपये. पेस्ट नव्याने लावली. आता एक्स्पोर्टला ७८ ते ८०.

एक_वाचक

चांगला धागा. माझ्याकडे एचपीचा एलिटडेस्क ८०० जी३ आहे, आय५-६५००. सॉकेट एलजीए ११५१ लिहिलंय आणि आठव्या पिढीचंही ११५१ च आहे. म्हणजे आय७-८७०० बसेल ना?

घाटावरचा_टेकी

@एक_वाचक, आकारात बसेल, चालणार नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो, तुमचा २०० मालिकेचा. तुमची मजल आय७-७७०० पर्यंत, तोही ६५ वॉटचाच. विंडोज ११ च्या यादीत तोही नाही. पण आधी टास्क मॅनेजरचे तीन आकडे, आणि त्यासाठी वेगळा धागा काढा.